शेऱ्याची जागा

“विसरले म्हणा, बाई. एवढंच तर म्हणायचंय.” साहेबांनी पत्र टेबलावर सरकवलं आणि दार लोटून घेतलं.

शिक्षण खात्याच्या कचेरीत टपाल घेणाऱ्या बाईंनी पत्र हातात धरलं. शाळेच्या व्हरांड्याच्या छताला तडे गेलेत, तातडीनं पाहणी करा, असं मुख्याध्यापिकांनी लिहिलं होतं. वर तीन तारखेचा शिक्का, बाईंनीच मारलेला. पंचवीसला छत कोसळलं. खाली झाडलोट करणाऱ्या मावशी सापडल्या, त्या अजून शुद्धीवर नव्हत्या. साहेबांच्या शेऱ्याच्या जागी मात्र एक अक्षर नाही. असणार कुठून! बाईंनी पत्र वाचून दाखवायचं, साहेबांनी “बघू” म्हणायचं, ही इथली रीत. तीन वर्षांत त्यांनी पेनाचं टोपण काढलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ!

“मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं.”

“कुणी पाहिलंय? विसरले म्हणालात तर ताकिदीवर भागवतो. माझं नाव घेतलंत तर मी हात वर करणार, मग नोकरीवरच येईल. चार महिने राहिलेत तुमचे. कशाला उगाच?”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळी भिस्त त्यांच्या पेन्शनवर. त्या पत्र घेऊन बाहेर आल्या.

दुपारी चौकशीसाठी वरून अधिकारी आले. आधी शिपाईकाकांना विचारलं. त्यांनी सरळ कानांवर हात ठेवले आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. मग बाईंची पाळी आली.

“हे पत्र साहेबांना दाखवलं होतंत?”

“चार तारखेला वाचून दाखवलं. ते ‘बघू’ म्हणाले.”

“साफ खोटं आहे,” शेजारच्या खुर्चीतून साहेब म्हणाले.

“काही पुरावा?” अधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं.

“नाही.” बाई म्हणाल्या. “पण त्यानंतर एकवीस दिवस मी पुन्हा विचारलं नाही. आठवण केली की साहेब खेकसतात, म्हणून टाळलं. तेवढी चूक माझी. तीही लिहून घ्या.”

अधिकाऱ्यांचं पेन थबकलं. सकाळी शाळेतल्या चौकशीतही जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवून गेला होता.

“हे लिहिलं तर तुमच्यावर कारवाई होईल. कळतंय ना?”

“कळतंय.”

अधिकाऱ्यांनी जबाब पुढे केला. बाईंनी पूर्ण नावाची सही केली. साहेब रुमालानं चष्मा पुसत बसले.

दाराजवळचं स्टूल सरकलं. शिपाईकाका टेबलाशी येऊन उभे राहिले.

“माझा जबाब पुन्हा लिहा,” ते अधिकाऱ्यांना म्हणाले. “त्या दिवशी मी चहा घेऊन आतच उभा होतो.”