आबांनी मारलेली रेघ

"म्हाताऱ्याचे डोळे गेलेत," असं मोरेश्वरकाका माझ्या तोंडावर म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हातारा म्हणजे माझे वडील, आमचे आबा. हवालदार हणमंत शिंदे, मूळचे कोरेगावकडचे. सगळी नोकरी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात गेली आणि निवृत्तीनंतर जयपुरातच राहिले. झोटवाड्यातल्या आमच्या फौजी सोसायटीचा डिझेल जनरेटर तेच सांभाळतात. आई गेल्यापासून तर जनरेटरच्या खोलीची किल्ली करदोट्याला बांधलेली असते. अंघोळीलाही सोडत नाहीत.

दिवाळीआधी जनरेटरच्या पंपातून डिझेल गळायला लागलं. आबांनी पंप उतरवला, दुरुस्तीला दिला, आल्यावर परत बसवला. तेव्हापासून जनरेटर बिघडला. सुरू व्हायलाच कुरकुर, मग पांढरा धूर, आणि लिफ्टचा भार पडला की मान टाकायचा. शेवटी सोसायटीतल्या शालिनीकाकू लिफ्टमध्ये अडकल्या, आणि सोसायटीचे अध्यक्ष मोरेश्वरकाका आमच्या दारात आले. निवृत्त सुभेदार मेजर. घरातही हुकूमच सोडतात.

"सोमवारी किल्ली ऑफिसात जमा करा. बाहेरचा मिस्त्री बघेल."

इतकी वर्षं अंगातल्या तापातही हा माणूस तुमचे दिवे लावायला धावला, ते कुठे गेलं? गरज सरो, वैद्य मरो! मी हे सगळं काकांना ऐकवलं. आबा मात्र जमिनीकडे बघत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

रविवारी सकाळी मी आबांना घेऊन जनरेटरच्या खोलीत शिरले. लहानपणापासून त्यांना पाने-पक्कड देत आले आहे, मलाही थोडं कळतं. डिझेल स्वच्छ होतं. फिल्टर नवा होता. पाइपातली हवा काढली. नोझल नुकतेच तपासून आलेले. उरलं टायमिंग, म्हणजे पंपाने सिलिंडरमध्ये डिझेल नेमकं केव्हा सोडायचं ते. उशिरा सोडलं तर धड जळत नाही आणि असाच पांढरा धूर येतो.

"टायमिंगला हात लावायचा न्हाई," आबा म्हणाले. "मी रेघेवर लावलंय."

झालं! आबा म्हणतात म्हणजे रेघेवरच असणार. मी तडक मोरेश्वरकाकांना फोन केला. "या आणि तुमच्या डोळ्यांनी बघा, कुणाचे डोळे गेलेत ते."

"कीर्ते, ऱ्हाऊ दे. देऊन टाकू किल्ली," आबा म्हणाले.

"का म्हणून द्यायची?"

काका आले. पहिल्या सिलिंडरकडे जाणारा पाइप मी पंपावरून सोडवला आणि आबा इंजिनचं मोठं चाक हाताने हळूहळू फिरवू लागले. पंपाच्या तोंडाशी डिझेल फुगून वर येतं, तो त्याचा सुटायचा क्षण. त्या वेळी काटा चाकावरच्या खुणेवर हवा. डिझेल फुगलं. आबांनी चाक थांबवलं. काटा पांढऱ्याशुभ्र रेघेवर, सूतभरही फरक नाही.

"बघा! आता बोला!" मी खोली डोक्यावर घेतली.

काका वाकून बघत होते. "बराबर है. मग धूर का येतो, बेटा?"

त्यांना अजून संशय! मी रॉकेलचा बोळा घेऊन रेघ चांगली खसखसून पुसली आणि मोबाइलचा उजेड पाडला. म्हटलं, घ्या, नीट बघून घ्या. रंगाचा पापुद्रा निघाला. खाली लोखंडात कोरलेली रेघ होती, आणि तिच्या शेजारी दोन अक्षरं. म्हणजे ही पिस्टन अगदी वर पोचल्याची खूण होती. डिझेल सुटायची रेघ तिच्या दोन बोटं आधी होती. तिच्यावर रंग नव्हता. खाचेत खंडेनवमीचं कुंकू आणि ग्रीस बसलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांबरोबर जनरेटरचीही पूजा होते. फौजेची खोडच ती, सण आला की हलेल ते घासायचं, न हलेल ते रंगवायचं. आबांनी चाक तारेच्या ब्रशने लख्ख केलं होतं. त्यात जुनी रंगवलेली खूण गेली, आणि त्यांनी नवी मारली. भलत्याच रेघेवर.

मीच ओरडून बोलावलं होतं ना सगळं बघायला?

काका सरळ उभे राहिले. "खंडेनवमीला रंगवायचा हुकूम माझा होता. चूक माझी."

"साहेब, हुकूम तुमचा," आबा म्हणाले. "रेघ माझी."

माझा संताप आता आबांवर उलटला. "दिसत नव्हतं तर सांगायचं ना! मी काय परकी आहे?"

"सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

एवढं बोलून त्यांनी करदोट्याची गाठ सोडली. बोटांना सापडेना, वेळ लागला. किल्ली त्यांनी काकांपुढे धरली. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि भिंतीकडे बघत राहिले. मग आबांनी ती माझ्या मुठीत कोंबली, पंपाचे नट सैल केले आणि पंपावर हात ठेवून थांबले.

"खूण तू बघ," ते म्हणाले. "मी फिरवतो."

मी चाकाशी वाकले. राग अजून उतरला नव्हता, पण तो कुणावर काढायचा तेच कळेना. आणि नेमकी तेव्हाच मलाही ती रेघ धड दिसेना.