नव्या स्वयंपाकघराबाहेरची घडवंची

मी एक जुनी घडवंची आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी हा शब्द ऐकलाही नसेल. पूर्वी पाण्याच्या घागरी आणि हंडे जमिनीवर टेकवत नसत. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरात चार पायांची लाकडी मांडणी असे. तीच मी. लातूर जिल्ह्यात मुरुडजवळच्या एका गावात, अंगणातल्या पत्र्याखाली मी उभी आहे. आता माझ्यावर पाणी नसते. माझ्या एका पायाला शेळी बांधतात.

माझा जन्म बाभळीच्या लाकडातून झाला. व्यंकटी नावाचा माणूस नांदेडच्या गिरणीत कामाला होता. सुट्टीवर आला की बायकोला वाकून पाणी घेताना पाहून तो हळहळायचा. एकदा त्याने माणिकप्पा सुताराला घरी बोलावले, बायकोला चुलीपुढे बसवले आणि म्हणाला, "हिचा हात जितका वर जातोय, तितकीच उंच कर." बायकोचे नाव पंचफुला. तिने लाजून हात वर केला आणि त्या हाताच्या मापाने मी तयार झाले.

चुलीच्या उजव्या अंगाला, कोपऱ्यात, माझी जागा ठरली. पंचफुला पाटावर बसली की तिची टाच माझ्या मागच्या पायाला लागायची. तिथून पीठ, मीठ, भाकरी थापायची काठवट, तांब्या सगळे हाताच्या टप्प्यात असे.

पंचफुला नवऱ्याबरोबर नांदेडला कधीच राहिली नाही. सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला सोडून जाणे पंचफुलाला जमले नाही. एका पावसाळ्यात व्यंकटी तिकडेच तापाने गेला. निरोप इथे पोहोचेपर्यंत त्याला माती दिली गेली होती. त्या दिवशी पंचफुला माझ्याजवळ बसून राहिली. घागरी भरलेल्या होत्या, पण पाणी कोणी प्यायले नाही.

पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी कोरड्या पडल्या. टँकर यायचा तेव्हा माझ्यावर एखादी घागर दिसायची, नाहीतर मी रिकामीच. पंचफुला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई आणि तिथे मिळालेली सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा कोरडा खाऊ, पदरात बांधून लहानग्या लेकासाठी, साहेबरावासाठी, आणी. एक दिवस ती डोळ्याला फडके बांधून घरी आली. खडीची कपची उडून डावा डोळा गेला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली, कारण सुकडी तिथेच मिळत होती.

साहेबराव शिकला. ब्याऐंशी साली लातूर हा वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या आणि त्याला तिथे कारकुनाची नोकरी लागली. त्याचे लग्न नुकतेच झाले होते. त्याची बायको सिंधु बोलकी आणि कामाला झटपट होती. दोघे लातूरला खोली घेणार हे ठरले. घरात इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

पण तोवर पंचफुलाचा उजवा डोळाही विझत आला होता. शेजारची भामाबाई तिला गुपचूप डोळ्यांच्या शिबिराला घेऊन गेली होती. परत आल्यावर दोघी माझ्यापाशी बसल्या.

"डाक्टर म्हनला, डोळ्याची शीरच वाळली," पंचफुला म्हणाली. "आता काय व्हत न्हाई."

"मग लेकाला सांग की."

"सांगून काय व्हईल? सिंधुला हितं ठिवून एकटा जाईल. न्हाईतर नोकरी सोडंल. मी नांदले तसं माझ्या सुनंनं नांदायचं व्हय? नगं. नवराबायकोनं एका जागी ऱ्हावं."

"आन् तू चुलीत हात घालशील एक दिवस."

"माझी चूल मला ठावं हाय, भामे. डोळे कशाला लागतेत?"

हे खरे होते. तिची टाच माझ्या पायाला लागली की तिला सगळे घर दिसे. घागरीवर बोट वाजवून ती पाणी किती आहे ते ओळखे. ती भाकरी अशी थापायची की सिंधुलाही कधी शंका आली नाही.

जाण्याआधी साहेबरावाने ठरवले की आईला चांगले स्वयंपाकघर करून द्यायचे. आयुष्यभर ती धुरात वाकून बसली, आता तिने उभ्याने काम करावे, पाणी भरण्यासाठी हाडे मोडू नयेत, एवढेच त्याच्या मनात होते. त्याने विचारही नीट केला होता. खिडकीखाली शहाबादी फरशीचा ओटा, त्यावर वातीचा स्टोव्ह, ओट्याच्या टोकाला सिमेंटची टाकी आणि तिला तोटी, शेजारी मोरी, वर फळी. म्हणजे धुणे, चिरणे, शिजवणे एका ओळीत होईल. चुन्याच्या फक्कीने त्याने जमिनीवर सगळा आराखडा आखला आणि आईला हाक मारली.

"माय, बघ. ही रेघ वट्याची. तितं टाकी. कसं वाटतंय?"

पंचफुला समोर बघून हसली. "झ्याक हाय की."

"अगं, तू तर वट्यातच उभी हायस!"

सिंधु खळखळून हसली. पंचफुलाही हसली. "मग बसव की वटा माझ्यावरच. तेवढीच माझी उंची वाढंल."

सगळे पुन्हा हसले. भामाबाई मात्र दारातूनच मागे फिरली.

"आन् हे लाकूड?" सिंधुने माझ्यावर हात ठेवून विचारले.

"टाकी झाल्यावर तिचं काय काम? अंगणात काढू," साहेबराव म्हणाला. "चालंल ना, माय?"

पंचफुलाचा हात माझ्या कडेवर होता. बोटे घट्ट झाली, मग सुटली. "चालंल," ती म्हणाली.

गवंड्याने जुनी चूल मोडली तेव्हा मी अंगणात आले. काम संपेपर्यंत पंचफुला माझ्याशेजारी तीन दगड मांडून स्वयंपाक करी. टाच माझ्या पायाला, हात चुलीला. तिचे काही अडले नाही. मग ओटा झाला. पहिल्या दिवशी सिंधुने त्यावर गोड शिरा केला, गल्लीत वाटला, सासूसाठी स्टोव्हला कोरी वात घातली आणि दोघे लातूरच्या गाडीत बसले. पंचफुला गाडीच्या आवाजाच्या दिशेने हात हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून भांडे पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दुसरे पडले. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. शेवटी पंचफुला भिंत चाचपडत अंगणात आली. तिच्या मनगटाला काडीने भाजले होते. तिने माझा पाय शोधला, पाठ टेकून बसली आणि नंतर दगडांची चूल पेटवली. भामाबाई रोज माझ्यावर एक घागर ठेवून जाई. पाऊस आडवा लागला की चूल विझायची. तेव्हा पंचफुला भिजलेली भाकरी तशीच खायची. आतला ओटा मात्र ती दररोज ओल्या फडक्याने पुसून काढी.

दिवाळीच्या सुट्टीत साहेबराव आणि सिंधु आले. घरात पाऊल टाकताच साहेबरावाचा आवाज अंगणात ऐकू आला.

"भामामावशे, हिकडं ये! माझ्या मायचा वटा बघ. एक डाग न्हाई. आरसाच जनू!"

"हाव रे बाबा," भामाबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "लईच जपलाय तिनं."

थोड्या वेळाने सिंधु स्टोव्ह हातात घेऊन बाहेर आली. पंचफुला माझ्याजवळ भाकरी थापत होती.

"आत्याबाई, ह्याची वात पांढरीच हाय."

"मी रोज धुती की."

"वात कुनी धुतंय का, आत्याबाई?"

सिंधुने स्टोव्ह खाली ठेवला, माझ्यावरचा तांब्या उचलला आणि आवाज न करता तिच्यापुढे धरला. "पानी द्या मला," ती हळूच म्हणाली. पंचफुलाचा हात समोरच्या तांब्याला ओलांडून माझ्याकडे आला आणि रिकाम्या जागेवर फिरत राहिला.

सिंधुने तो हात आपल्या हातात धरला. दारात साहेबराव उभा होता.

"माय, मला का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "तुझ्या बापाला शेवटाला पानी पाजायला मी नांदेडात न्हवते. तुम्ही दोघं एका जागी ऱ्हावं, एवढंच."

साहेबरावाने मला उचलले आणि आत नेले. माझ्या कोपऱ्यात टाकी होती. त्याने मला मोरीकडे टेकवून पाहिले, मग दाराजवळ, मग ओट्यापुढे. मी कुठेच मावले नाही. तेव्हा त्याने ओटा फोडायला पहार आणली. आवाज ओळखून पंचफुला पुढे झाली आणि तिने ओट्यावर दोन्ही हात पसरले.

"नगं रे. लेकानं केलंय माझ्यासाठी. ऱ्हाऊ दे."

पहार त्याच्या हातातून खाली पडली. आईच्या खांद्यावर डोके ठेवून तो मोठ्याने रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत, त्याची चूक नाही असे समजावत राहिली.

ते तिला लातूरला घेऊन गेले. मी पुन्हा अंगणात आले. पुढे एकदा सिंधु कपडे न्यायला आली, तेव्हा भामाबाईला सांगत होती, "दिवसभर खाटंवर बसून असत्यात. भाकरी करा म्हनलं तर म्हनत्यात, मला जागाच सापडंना." भामाबाईने पदर तोंडाला लावला.

पंचफुला या घरात परत आली नाही. ओटा अजून शाबूत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधीतरी स्वयंपाकघर नवे होईल. ओटा किती उंच, पाणी कुठे, फळी कुठे, यावर घरात चर्चा होईल. आखणी करण्याआधी आई किंवा आजी जिथे बसून काम करते तिथे थोडा वेळ बसा. तिचा हात कशावर जातो, पाय कशाला टेकतो, ते पाहा. एखादे जुने लाकूड बाहेर काढण्यापूर्वी त्यावर कोणाचा हात रेंगाळतो का, तेही पाहा. 'कसं वाटतंय?' एवढेच विचारून थांबू नका. तुमचे मन मोडू नये म्हणून ती 'छान' म्हणेल. म्हणताना तुमच्याकडे तोंड करून हसेलही, आणि तुम्हाला वाटेल की तिला सगळे दिसते आहे.