कपबश्यांची पाळी

"देव सगळ्यांचा, कपबश्या मात्र आपल्याच," जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मी नुसतं हसले. खरं तर कपबश्या विसळायची ही पाळी मी वर्षानुवर्षं मागून घेत आले होते. सभागृहात प्रार्थना चालू असताना मी नळाशी उभी असले, की माझे ओठ हलतात की नाही हे कुणी बघत नसे.

आज सासूबाई काठी टेकत मोरीपाशी आल्या. प्रार्थना सांगायचा मान त्यांचा, पण आता आवाज बसलेला.

"पुढच्या वेळी तू सांगायचीस."

"मला नको, आई. ताईंना सांगा."

"मला कशाला ओढता? माझा गळा म्हणजे फाटका बांबू," जाऊबाई म्हणाल्या.

मी तोच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिले. चारचौघांत उभं राहून 'माझा विश्वास आहे' म्हणायचं, तेच तर जमत नव्हतं. विश्वास नाही म्हणावं, तर प्रार्थनेला जमणाऱ्या या माणसांतली जागा जायची. लपून लपून मी पार थकले होते.

सासूबाईंनी माझ्या हातातला कप काढून घेतला.

"अगं, माझा तरी कुठे उरलाय विश्वास? तुझे सासरे गेले तेव्हाच उडाला. त्या रात्री माझ्याजवळ बसली ती ही माणसं. मी त्यांच्यासाठी येते."