पाय उचलू नकोस

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. मला आज पाहिलंत तर तुम्ही जुना म्हणणार नाही. माझा हिरवा रंग आरशासारखा चमकतो, हौद्यातल्या फळ्यांना नवं तेल पाजलेलं आहे, चारही टायर कोरे आहेत. तरी माझं वय पासष्ट आहे. आणि नवा झाल्यापासून मी या शेडच्या दारापलीकडे गेलेलो नाही. हे असं का झालं ते मला सांगायचं आहे. इथे येणारी माणसं मला पुसतात, माझ्याजवळ बसतात. माझ्याशी बोलत मात्र नाहीत.

एकोणीसशे त्रेपन्नमध्ये ओनुफ्री नावाच्या शेतकऱ्याने मला डॉफिन गावातून कॅनडाच्या मॅनिटोबातल्या या शेतावर आणलं. त्याचा मुलगा ओरेस्ट तेव्हा चार वर्षांचा होता. बापाच्या मांडीवर बसून त्याने माझं स्टेअरिंग धरलं आणि सोडायला नकार दिला. ते त्याने पुढे आयुष्यभर सोडलं नाही.

मी गहू वाहिला, वासरं वाहिली, रविवारी हौद्यात बाकं टाकून शेजारपाजारची मुलं चर्चला नेली. थंडीत मी गोठून जायचो, तेव्हा ओरेस्ट माझ्या इंजिनाखाली निखाऱ्यांची पाटी सरकवून ठेवायचा आणि मी सुरू होईपर्यंत तिथून हलायचा नाही. त्याचं लग्न स्लावकाशी झालं आणि मला दुसरी चालक मिळाली. गवत काढायच्या दिवसांत ती मला पहिल्या गिअरमध्ये शेतातून चालवायची आणि ओरेस्ट मागे उंच रचलेल्या गठ्ठ्यांवर उभा राहून आणखी गठ्ठे रचायचा. अशा वेळी गाडीने जरा हिसका दिला तरी वरचा माणूस खाली येतो. स्लावकाने त्याला कधी हिसका बसू दिला नाही. ओरेस्ट सगळ्यांना सांगायचा, "हिच्या पायाखाली गाडी असली की मी वर उभा राहून ताटलीभर बोर्श्टचं सूप पिऊ शकतो. एक थेंब सांडणार नाही." स्लावका मात्र मला ओरेस्टची थोरली बायको म्हणायची. "जा, थोरलीने बोलावलंय," म्हणायची आणि जेवण झाकून ठेवायची.

मग एकोणऐंशी साली नवीन, मोठा ट्रक आला आणि मला पॉप्लरच्या झाडांच्या रांगेमागे उभं केलं गेलं. थोड्या दिवसांसाठी, असं ओरेस्ट म्हणाला होता. तो खोटं बोलत नव्हता. दर वर्षी बर्फ वितळलं की तो तिथे यायचा, माझ्या बॉनेटवर दोनदा थापटायचा आणि म्हणायचा, "यंदा बघू." मी अडतीस वेळा ते ऐकलं. तेवढ्या वेळात उंदरांनी माझी सीट पोखरली, फरशी गंजून खाली पडली आणि त्या भोकातून पॉप्लरचं एक रोप केबिनमध्ये वाढलं. दारातून त्याच्या फांद्या बाहेर आल्या होत्या.

अडतिसाव्या वर्षी तो सप्टेंबरमध्ये पुन्हा आला. नाकाला नळी होती आणि मागे चाकांच्या गाडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर होता. सिलिंडर ओढत त्याची मुलगी लेस्या आली होती. ती विनिपेगमध्ये एका ग्रंथालयात काम करते. ओरेस्टने बॉनेटवर थापटलं. या वेळी तो 'यंदा बघू' म्हणाला नाही. लेस्याला म्हणाला, "हे झाड आधी कापायला लागेल."

धान्याच्या धुळीने त्याची फुप्फुसं निबर झाली होती. डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं होतं. त्याने ठरवलं की पुढच्या जुलैत तळ्याकाठी चर्चची जत्रा भरेल तेव्हा तिथपर्यंतचे चाळीस मैल मला स्वतः चालवत न्यायचं.

मला शेडमध्ये आणलं गेलं आणि सगळं घर माझ्या कामाला लागलं. मुलगा बोहदान उत्तरेकडच्या खाणीत काम करतो, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. घरी असला की तो माझ्या पत्र्यावर काम करायचा. लेस्या शुक्रवारी रात्री यायची आणि रविवारी परत जायची. हौद्यात नव्या फळ्या घालायच्या होत्या, तेव्हा ओरेस्टने जुन्या कोठाराची लाकडी जमीन उपटायला लावली. सत्तर वर्षं गव्हाने घासून त्या फळ्या हाताला रेशमासारख्या लागत होत्या. चढायला सोपं जावं म्हणून पायरी खाली आणली. बोहदानने सीटच्या मागे सिलिंडर अडकवायला लोखंडी कडं बसवलं.

"लोक इथे बिअरची पेटी ठेवतात, बाबा."

"पेटीही बसेल. माप घे," ओरेस्ट म्हणाला.

माझं रूप सगळ्यांनाच दिसत होतं, म्हणून सगळे रूपालाच लागले. त्यातच आमची चूक झाली. ओरेस्टला उभं राहवत नव्हतं, पण खुर्चीत बसून पॉलिश पेपर घासता येत होता. त्याच्या मांडीवर माझा दरवाजा ठेवायचे आणि तो दिवसभर घासत बसायचा. त्याच्या हातांना काम मिळतंय, तो हसतोय, म्हणून कुणी त्याला थांबवलं नाही. स्लावकाने आपल्या लग्नातल्या रुमालावरची लाल-काळी टाक्यांची नक्षी माझ्या हौद्याच्या मागच्या फाळक्यावर रंगवली. एक एक टाका मोजून रंगवायला तिला पूर्ण फेब्रुवारी लागला. या सगळ्यात हिवाळा संपला आणि माझं इंजिन तसंच जाम पडलेलं होतं.

मित्रांनो, मी बोलू शकलो असतो तर ओरडलो असतो. आधी इंजिन, मग रंग.

एप्रिलमध्ये ओरेस्ट तळ्याचं नाव काढेनासा झाला. गावापर्यंत गेलो तरी पुरे, म्हणाला. मे महिन्यात म्हणाला, आपल्या फाटकापर्यंत. जूनमध्ये त्याला शेडपर्यंत यायलाही होईना. त्याची कॉट अंगणाच्या बाजूच्या खोलीत खिडकीपाशी हलवली. शेडचं दार उघडं असलं की मला ती खिडकी समोरच दिसायची. आता तो फक्त एवढंच म्हणत होता की मला याची मंद चाल ऐकायची आहे. रेस न देता इंजिन जागच्या जागी कसं धडधडतं त्यावरून ते बरं आहे की नाही ते कळतं, असं तो मानायचा. एकोणचाळीस वर्षांत त्याने ते ऐकलं नव्हतं.

इंजिन लेस्याने जुळवलं. तिने नोकरीतून रजा घेतली होती. ओरेस्ट कॉटवरून सांगायचा, ती वहीत लिहून घ्यायची, शेडमध्ये येऊन करायची आणि शंका आली की पुन्हा धावत जायची. दिवसातून तीस-चाळीस खेपा व्हायच्या. त्याला चार शब्दांनंतर थांबावं लागे. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली की आत काय चाललंय ते ऐकू येतं, हेही त्याने तिला शिकवलं. तो स्क्रूड्रायव्हर मग त्याच्याच उशाशी राहिला.

मला नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, घातला होता. त्याचा एक नियम असतो. तो पहिल्यांदा फिरतो तेव्हा त्याला पुरेसं तेल फक्त वेगातच मिळतं, म्हणून पहिली वीस मिनिटं रेस खाली येता कामा नये. आली तर तो आतून खरवडला जातो आणि सगळं काम पुन्हा. तरुणपणी ओरेस्टने शेजाऱ्याच्या इंजिनावर ही चूक केली होती. आई जेवायला हाक मारत होती म्हणून त्याने सातव्या मिनिटाला पाय उचलला आणि तीन महिन्यांचं काम वाया गेलं.

म्हणून तो लेस्याला रोज बजावायचा. "सुरू झाला की वीस मिनिटं पाय उचलू नकोस. घर पेटलं तरी."

"आणि पेटलंच तर?"

"तर आई विझवेल."

जूनच्या एका गुरुवारी सकाळी लेस्याने शेवटचा बोल्ट आवळला. बोहदान खाणीवर होता. आदल्या दिवसापासून ओरेस्टने काही खाल्लं नव्हतं. लेस्याने स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ वीस मिनिटांवर लावून माझ्या डॅशबोर्डवर ठेवलं. तिचे हात तेलाने काळे होते. तिने किल्ली फिरवली.

मी सुरू झालो, मित्रांनो. पहिल्याच झटक्याला. तिने लगेच रेस दिली, इंजिनाचे फेरे दाखवणारा, बोहदानने बसवलेला छोटा काटा दोन हजारांवर गेला आणि तिथे थांबला. माझा आवाज शेडभर आणि अंगणभर घुमत होता. तिकडे खिडकीचा पडदा सरकला.

नववं मिनिट चालू होतं तेव्हा स्लावका घरातून बाहेर आली. ती अंगणातून धावत आली नाही, भरभर चालत आली. पायांत घरातल्या सपाता होत्या. तिने दारापाशी वाकून सांगितलं, "लेस्या, तो तुला बोलावतोय."

लेस्याला कळलं. मलाही कळलं.

"आई, अजून अकरा मिनिटं आहेत."

"माहीत आहे. तो मोजतोय."

लेस्या काट्याकडे बघत राहिली. तिच्यापुढे काय काय होतं ते मी सांगतो. तिने पाय उचलला असता तर ओरेस्टला हवा असलेला आवाज त्याला लगेच ऐकू आला असता, पण मी आतून खरवडला गेलो असतो, आणि त्याच्या कानाने ते क्षणात ओळखलं असतं. तिने किल्ली बंद केली असती तर मला इजा झाली नसती. पण खिडकीपाशी एकदम शांतता झाली असती आणि त्याला वाटलं असतं की मी मेलो. ती बसून राहिली असती तर तो तिच्याशिवाय गेला असता. ती काही करू शकत नव्हती. तिचा पाय जागचा हलत नव्हता.

स्लावकाने माझं दार उघडलं. "सरक."

"तू जा ना त्यांच्याजवळ. तू असायला हवंस."

"मला त्याने एकेचाळीस वर्षं सगळं सांगून झालंय. आता तो तुझं नाव घेतोय. सरक म्हणते ना."

ती आत चढली, त्या खाली आणलेल्या पायरीवरून. तिने लेस्याच्या पायाशेजारी आपला पाय टेकवला. क्षणभर दोघींचं वजन माझ्यावर होतं. मग एक पाय गेला. काटा हलला नाही.

तो पाय मी ओळखला. मागे गठ्ठ्यांवर माणूस उभा असायचा तेव्हाचा तो पाय होता.

लेस्या अंगणातून धावत गेली. थोड्या वेळाने खिडकीच्या काचेवर आतून लोखंडाचं एक टोक टेकलं. माझ्या आवाजाने ती काच थरथरत असणार. स्क्रूड्रायव्हरचं टोक काचेला आणि मूठ त्याच्या कानाला. मला फक्त टोक दिसत होतं आणि ते धरणारा काळा हात.

स्लावका खिडकीकडे बघत नव्हती. ती काट्याकडे बघत होती. तिचं पाऊल जराही हलत नव्हतं. चौदाव्या मिनिटाला ती माझ्याशी बोलली. आमच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "आता तू तरी थांबू नकोस," एवढंच म्हणाली. मी जीव तोडून चालत राहिलो. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. सोळा झाली. सतरा झाली. टोक काचेवर होतं.

घड्याळ वाजलं. स्लावकाने पाय हळूहळू, केसाएवढा केसाएवढा वर घेतला, आणि मी माझ्या मंद चालीवर आलो. कुठे अडखळलो नाही. इंजिनाच्या सहाही सिलिंडरांचे ठोके एकामागून एक आपापल्या जागी पडत होते. ओरेस्टच्या हाताखाली तरुणपणी मी असाच चालायचो.

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. टोक अजून काचेवर होतं. ती तशीच बसून राहिली आणि मी चालत राहिलो. मग ते टोक काचेपासून दूर झालं. स्लावकाने किल्ली बंद केली.

मित्रांनो, ओरेस्टने माझी मंद चाल ऐकली का, ते मला ठाऊक नाही. स्क्रूड्रायव्हर धरणारा हात लेस्याचा होता. तिला ठाऊक आहे. स्लावकाने तिला विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

या गोष्टीला आता चार महिने झाले. सोमवारी स्लावका येते आणि फाळक्यावरची नक्षी ओल्या फडक्याने पुसते. रविवारी लेस्या येते, मला सुरू करते, रेस देत नाही. अर्धा तास मंद चालीवर ऐकत बसते आणि बंद करून जाते. बोहदान शेडमध्ये येतच नाही. मला गिअरमध्ये कुणी टाकत नाही. सीटमागचं कडं रिकामं आहे. एका जागी उभं राहून टायर खालून चपटे व्हायला लागले आहेत, रबर कडक होतंय, आणि बाहेर पहिलं बर्फ पडायला फार दिवस उरलेले नाहीत. मागच्या रविवारी निघताना लेस्याने माझ्या बॉनेटवर दोनदा थापटलं. ती काय म्हणणार या भीतीने माझ्यातलं तेल गोठलं. ती काही म्हणाली नाही.

तुमच्या घरामागेही माझ्यासारखं कुणी उभं असेल, तर त्याला नुसतं पुसू नका आणि थापटूही नका. ज्याला त्याचं काम येतं असा माणूस घरात आहे, तोवर त्याला हाताशी धरून बसवा, आणि आधी इंजिन उघडा. आणि कधी इकडे आलात तर या दोघींना माझा एक निरोप द्या. तळं राहू दे, गावही राहू दे. एकदा मला फाटकापर्यंत न्या. एकीने चालवावं, एकीने मागे हौद्यात उभं राहावं. मी हिसका देणार नाही.