हारामागची थोरली

"शालन, अगं मालिकेवाल्यांचा फोन आला! गुरुवारी बोलावलंय. नऊवारी, नथ, पूर्ण मेकअप!" दीपमाला दारातूनच ओरडली. मी कणकेच्या हातांनीच तिला मिठी मारली.

दोन नाटकं, एक चित्रपट आणि मग ही मालिका. मालिकेसाठी बाईनं नाटक सोडलं आणि वर्षभरात मालिकेनं बाईला सोडलं. ती करायची ती थोरली जाऊ अपघातात मारली, भिंतीवर फोटो लावला, वर हार. धाकटी जाऊ रोज त्या फोटोपुढे रडायची. तेवढ्या वेळापुरता दीपमालाच्या आई, विमलाबाई, टीव्हीवर टॉवेल टाकायच्या. जिवंत लेकीच्या फोटोला हार कुठली आई बघेल? दीपमाला खराडीच्या एका कंपनीत रिसेप्शनला लागली. तिथेही लोक विचारत, "अय्या, तुम्ही तर गेलात ना?"

आणि आता हे बोलावणं! खडकीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये नुसता कल्ला.

"जुळी बहीण असणार," मी म्हणाले.

"छे! वाचलीय ती. प्रेत कुठे दाखवलं?" शेजारचे बापूराव म्हणाले. आपण मालिका बघत नाही, असं हे गृहस्थ रोज सांगतात.

विमलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "सुटला गं बाई तो हार एकदाचा!"

गुरुवारी मीही तिच्याबरोबर गेले. रिक्षात ती जुने संवाद पुटपुटत होती. "घसा बसला नाही ना गं माझा?" तिचा चेहरा इतका फुलला होता की मला उगाच रडू आलं.

मेकअप झाला, नथ चढली. "माझे संवाद?" तिनं विचारलं.

"संवाद कसले, मॅडम?" सहायक दिग्दर्शक म्हणाला. "नव्या बंगल्याची भिंत मोठी आहे. तुमचा जुना फोटो मोठा केला की धुरकट दिसतो. नवा काढायचाय. पाच मिनिटांचं काम."

माझं डोकंच फिरलं. "हे फोनवर सांगायला जीभ झडली होती का?"

दीपमालानं माझा हात घट्ट दाबला. आता उठून जाईल, असं मला वाटलं. पण तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "धाकटी माझ्याशी बोलते तेव्हा कुठे उभी असते?"

"डावीकडे, खाली. समईपाशी."

"तिथे कुणाला तरी उभं करा. आणि तिचे संवाद मला वाचून दाखवा."

सेटवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. पण वाचले बिचाऱ्यांनी. ती ऐकत राहिली. फोटोग्राफरनं बटणावर बोट टेकवलं तशी म्हणाली, "थांबा." मग क्षणभरानं, "हं, आता."

सोमवारी दीपमालाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. विमलाबाई टॉवेल घेऊनच बसल्या होत्या. पडद्यावर धाकटी आली, फोटोपुढे हात जोडून म्हणाली, "जाऊबाई, एकटी पडले हो मी!"

आणि फोटो तिच्याकडे बघत होता. थेट तिच्याकडे. ओठ जरासे विलग, आता बोलेल असे. बापूरावांनी चष्मा काढून पुसला. दीपमाला दाराशी उभी होती, कंपनीची साडी अजून बदलायची होती.

विमलाबाई उठल्या नाहीत. टॉवेलची घडी करून त्यांनी मांडीवर ठेवली.

"हार नीट घालता येत नाही मेल्यांना," त्या म्हणाल्या. "पोरीचा चेहरा झाकतोय."