काडतुसांची साठवण आणि नमुन्याची पोळी

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं. आज मी तुम्हांला एक आख्यान सांगणार आहे. ऐकून तुम्ही हसत घरी जाल, हा माझा शब्द.

मी एक जुनी नेमबाजीची रायफल आहे. भिऊ नका. शिकार मी कधी केली नाही. कागदावरच्या काळ्या वर्तुळाचा मध्य गाठायचा, एवढीच माझी भक्ती. जन्म जर्मनीतला, पण आयुष्य गेलं आयर्लंडात, ड्रोहेडाजवळच्या एका क्लबात, नोएल नावाच्या बेकरीवाल्याच्या खांद्याला लागून. काय मायेचा हात होता त्याचा! खेळून झालं की आधी मला पुसायचा, मग स्वतःचा चहा. पुढे त्याची नजर अधू झाली, तेव्हा त्यानं मला क्लबातल्या कौमुदीला दिलं. म्हणाला, "हिला काय रुचतं ते बघून खायला घाल, पोरी. मग ती ग्रँड आहे."

हा झाला पूर्वरंग. आता पुढे ऐका.

कौमुदी स्वोर्ड्स गावात राहते आणि वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिला एकच ध्यास, क्लबाच्या संघात जागा मिळवायची. पण काडतुसं महाग, आणि घरखर्चातून सरावाला उरे ते बेताचंच. तिचा नवरा जयेश म्हणजे सेलचा परमभक्त. "अगं, ही सगळ्यांत स्वस्त. वर्षाची एकदम भरून टाक. गोळ्या काय, सगळ्या सारख्याच!"

परवान्यावर जेवढी मुभा होती तेवढी सगळी काडतुसं कौमुदीनं एका फेरीत आणली.

मित्रांनो, काय सांगू माझी दशा! माल खोटा नव्हता. शेजारच्या रायफलीतून तीच काडतुसं सुरेख जात. मला मात्र ती मानवेनात. एक गोळी वर, एक डावीकडे, एक कुठे गेली ते देवालाच ठाऊक. बरं, दुसरी आणून बघावी तर परवान्याची मर्यादा आधीच भरलेली. संघाच्या निवडीत कौमुदीचं नाव लागलं नाही. आणि ठपका आला माझ्यावर. "नळी झिजली असणार," सगळे म्हणू लागले. मी लोखंडी कपाटात पडून राहू लागले.

त्या कपाटाच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. नाशिकहून जयेशच्या आई, प्रमोदिनीबाई, राहायला आल्या आणि रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना फोनवर कीर्तन लावू लागल्या. झांजा वाजल्या की माझं लोखंडसुद्धा हलकं होई. एकदा कीर्तन ऐन रंगात असताना जयेश आत आला.

"पुन्हा सेल लागलाय. मागची काडतुसं संपलीच आहेत ना? तीच भरू. आणि ती म्हातारी रायफल देऊन नवी घेऊ."

"नोएलची आहे रे ती," कौमुदी म्हणाली. "पण या वेळीही निवड हुकली, तर मी खेळणंच सोडीन."

प्रमोदिनीबाईंनी कीर्तन थांबवलं. "काय रे, मागच्या खेपेला नमुना आणला होतात का?"

"कसला नमुना, आई?"

"वर्षाचे गहू भरताना काय करतो आपण? दोन-तीन जातींचे थोडे थोडे आणतो, दळतो, पोळी करून बघतो. जिची पोळी मऊ, तिचं पोतं."

"अगं, गोळ्या आहेत त्या. गहू नाहीत."

"गहू असते तर आधी चाखले असतेस, खादाडा!"

कौमुदी खळखळून हसली आणि हसता हसता थबकली. "आई, नोएलही हेच सांगत होते. मला वाटलं, ते रायफलीचं नुसतं कौतुक करतायत."

शनिवारी तिनं स्वस्तातली, मधली आणि महागडी अशी एकेकच डबी घेतली. क्लबात मला वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक डबीला वेगळा कागद लावला. प्रमोदिनीबाई मागे जयेशशेजारी, कानांवर आवाज अडवणारी मोठी टोपणं चढवून, हात जोडून बसल्या होत्या. स्वस्तातलीनं कागदभर रांगोळी घातली. महागडी बरी गेली. आणि मधली? सगळ्या गोळ्या एकाच छिद्रातून गेल्यासारख्या!

"शितावरून भाताची परीक्षा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आता सगळी एकाच घाण्यातली घे गं, चव बदलायला नको." जयेशनं कान पकडले, पण त्या टोपणांवरूनच आईचे!

डब्यांवरचा घाण्याचा छापील क्रमांक जुळवून कौमुदीनं मधल्या काडतुसांची वर्षाची साठवण केली, आणि पुढच्या निवडीत तिचं नाव लागलं. त्या दिवशी तिनं आधी मला पुसलं, मग चहा घेतला.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून कुणाला मोडीत काढू नका. त्याला काय मानवतं, ते आधी विचारा. प्रमोदिनीबाई आता नाशिकला परतल्या आहेत आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे शांत असतं. तुमच्या घरी तव्यावर पोळी टम्म फुगेल ना, तेव्हा त्या माउलीची एकदा आठवण काढा.