आधी तुम्ही

कर्नल जहानबख्श पिस्त्याच्या मिठाईचा डबा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच गुलनूशनं ओळखलं की हा सहज आलेला नाही. इस्फहानजवळच्या त्या हवाईतळाच्या वसाहतीत कर्नल कुणाकडे चहाला जात नसे. लोक त्याच्याकडे जात. तो स्वतः आला म्हणजे काहीतरी न्यायला आला. त्याच्या मागून त्याची बायको माहलका खानूम आत शिरली आणि बसायच्या आधीच तिची नजर पडद्यांवरून, गालिच्यावरून, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेल्या दुपट्यांवरून फिरून आली.

"बाळंतपणानंतर घर आवरायचं सुचत नाही, नाही का गं," ती म्हणाली. "मला चार झाली. पण पाहुण्यांच्या नजरेला कधी दुपटं पडलं नाही."

गुलनूशनं हसून चहा ओतला. आठ महिन्यांची नीकी तिच्या कडेवर होती, दात येत असल्यामुळे किरकिरणारी. सियामक, तिचा नवरा, कर्नलसमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, मास्तरांपुढे बसावं तसा. या बोलावण्याची तो महिनाभर वाट बघत होता. ती महिनाभर ते टळावं म्हणून नवस बोलत होती.

काय चाललंय ते सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. तळावरची लढाऊ विमानं इराणच्या शहाच्या काळातली, अमेरिकेकडून घेतलेली, उडवणाऱ्यांपेक्षा वयानं मोठी. त्यांच्या नाकात आता देशात बनलेलं नवं रडार बसवलं होतं आणि पंखाखाली देशात बनलेलं नवं क्षेपणास्त्र. गुलनूश इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तिच्या मते हे म्हणजे म्हाताऱ्याला नवे डोळे आणि नवे दात बसवायचे आणि नसा मात्र जुन्याच ठेवायच्या. पहिल्या चाचणीत रडारनं लक्ष्य बरोबर पकडलं, वैमानिक फरामर्झनं कळ दाबली, आणि क्षेपणास्त्र सुटायच्या ऐवजी पंखाखालीच पेटलं. विमान त्यानं कसंबसं उतरवलं. त्याचे हात अजून पट्ट्यांत होते. टीव्हीवर यातलं अक्षरही आलं नाही, आणि वसाहतीतल्या बायका त्याच्या बायकोशी हवापाण्याच्या पलीकडे काही बोलत नव्हत्या.

इंजिनियर मंडळी म्हणत होती, नाकापासून पंखापर्यंतच्या सगळ्या जुन्या तारा उपसून नव्या घालू द्या, मग उडवा. कर्नल म्हणत होता, वेळ नाही. वरून जनरल यायचा होता, त्याला आकाशात काहीतरी फुटलेलं दाखवायचं होतं.

तळाचा एक जुना रिवाज होता. तान्हं मूल असलेल्या वैमानिकाला असल्या उड्डाणावर धाडायचं तर आधी त्याच्या बायकोला विचारायचं. ती नको म्हणाली की दुसरा माणूस बघायचा. नवऱ्यानं नाही म्हणायचं नसतं. बायकोच्या नावावर खपलं की कुणाचीच मान खाली जात नाही.

कर्नलनं साखरेचा खडा दाताखाली धरून चहाचा घोट घेतला. "गुलनूश खानूम, लेकरू लहान आहे. तुम्ही म्हणत असाल तर मी दुसरा वैमानिक बघतो. तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर."

आता कुणी काही देऊ केलं की लगेच हात पुढे करायचा नाही, हे त्या गावात मूल चालायच्या आधी शिकतं. आधी नको म्हणायचं. समोरच्यानं आग्रह करायचा. पुन्हा नको. त्यानं शपथ घालायची. मग तिसऱ्या खेपेला अगदी नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. बाजारात रुमाल विकणारासुद्धा किंमत विचारली तर आधी 'तुमच्यापुढे काय किंमत, असाच न्या' म्हणतो, आणि असाच न्यायला निघालेल्या माणसाला वेडा समजतात. याचं नाव तारोफ. गुलनूशचा सगळा जीव 'हो, बघा दुसरा' या शब्दांवर येऊन बसला होता. पण जीभ गेली आईनं लावलेल्या वळणानं.

"छे छे, कर्नलसाहेब, आमचं काय एवढं. सियामक तुमचाच मुलगा. तुमच्यावरून ओवाळून टाकलेला."

आणि ती आग्रहाची वाट बघत थांबली.

कर्नलनं पेला खाली ठेवला आणि उठलाच. "शाब्बास," तो म्हणाला. "अशा बायका आहेत म्हणून हे तळ उभे आहेत."

काय झालं ते तिला उमगेपर्यंत तो बूट घालत होता. तिनं घाईघाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर माहलका मध्ये आली, गालाला गाल लावला आणि कानाशी म्हणाली, "आग्रह बरोबरीच्या माणसांना करतात, गुलनूश जान."

म्हणजे चूक नव्हती ती. ठरवून आले होते. तिच्याच चांगल्या वळणाचा फास करून तिच्या गळ्यात घातला होता, आणि वर मिठाईचा डबा ठेवून गेले होते.

सियामक म्हणाला, दुसरा नको असं तूच म्हणालीस, आता मी काय करू. त्याच्या आवाजात काळजी होती, पण त्या काळजीखाली आनंद दडला होता, आणि तो दडवायचा प्रयत्नही नीट केला नव्हता. त्या घटकेला तिला तो कर्नलइतकाच नकोसा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं कर्नलच्या कचेरीत फोन केला. कर्नल मधासारखा बोलला. दिलेला शब्द मागं घेता येतो, का नाही येणार. फक्त मग लोक सियामकला भित्रा म्हणतील. मी काही तसं म्हणणार नाही. लोकांचं तोंड कोण धरणार. फोन ठेवताना त्यानं नीकीला गोड पापा सांगितला.

त्या आठवड्यात ती बेकरीच्या रांगेत उभी राहिली की पुढच्या बायका सरकून तिला जागा देत. विधवेला देतात तशी. ती त्यांच्या तोंडांकडे बघत राही आणि प्रत्येकीचा हिशेब मनात मांडे. यांच्यातली एकसुद्धा माझ्या बाजूनं बोलणार नाही. फरामर्झच्या बायकोसाठी मी तरी कुठं बोलले होते.

शुक्रवारी जनरलसाठी कर्नलच्या घरी दुपारचं जेवण होतं. निवडक अधिकारी, बायकामुलांसकट. दारातच नाटक सुरू झालं. कर्नल बाजूला झाला, आधी तुम्ही. जनरल म्हणाला, घर तुमचं, आधी तुम्ही. कर्नलनं छातीवर हात ठेवून मान झुकवली, तुमच्या पुढे पाऊल टाकायची माझी काय बिशाद. मागे बाकीचे हसऱ्या तोंडानं तिष्ठत. अखेर वयानं आणि हुद्द्यानं मोठा तो आधी शिरला, मग उतरंडीनं बाकीचे. गुलनूश सगळ्यांत शेवटी, कडेवर पोर घेऊन. उंबऱ्यावर ती जरा थबकली. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं.

जेवायला डाळिंबाच्या रसात शिजवलेलं बदक होतं. माहलकानं भाताची सोनेरी खरवड फोडून आधी जनरलच्या ताटात घातली, मग सियामकच्या. तेवढ्यात कर्नलनं घसा साफ केला. त्यानं सियामकच्या शौर्याचं कौतुक केलं, मग त्याच्या बायकोचं. लेकरू मांडीवर असताना या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, घेऊन जा, तुमच्यावरून ओवाळून टाकलेला आहे. जनरलनं मान डोलावली. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले.

गुलनूशनं नीकीला खांद्यावर घेतलं आणि उठून उभी राहिली.

"जनरलसाहेब, माझ्याकडून मोठी आगळीक झालीय. ती तुमच्यासमोर कबूल करते."

सियामकनं तिच्याकडे बघितलं. कर्नलचा घास हातातच राहिला.

"नव्या अस्त्राचा पहिला बार म्हणजे केवढा मान. आणि मी शहाणी, तो माझ्या नवऱ्याच्या पदरात टाकून मोकळी झाले. घरात कर्नलसाहेबांसारखा बापमाणूस असताना आमच्या पोरानं आधी शिरायचं म्हणजे दारात वडिलांना ढकलून पुढे जाण्यासारखं. आम्हाला असं कुणी शिकवलं नाही. पहिला मान कर्नलसाहेबांचा."

"नाही, नाही," कर्नल हसला. "आता दिवस तरुणांचे."

"हा तुमचा मोठेपणा. पण आमच्या माथी पाप नको."

"गुलनूश खानूम, मी मनापासून सांगतोय..."

"मनापासून सांगताय म्हणूनच जास्त लाज वाटते. माझ्या लेकीची शपथ आहे तुम्हाला. नाही म्हणू नका."

दोन नकार झाले, शपथही झाली. तिसऱ्यांदा नाही म्हणायची सोय त्या भाषेतच नव्हती. तिसरं 'नाही' म्हणजे खरंखुरं 'नाही', आणि खरंखुरं 'नाही' म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. बदकाच्या रश्श्याला साय धरायला लागली. माहलका पुढे झुकली. "यांची कंबर..." ती म्हणाली, आणि नवऱ्याचा चेहरा बघून थांबली.

"कंबरेला काय झालं?" जनरलनं विचारलं. "जहानबख्श, तू उडतोस ना अजून?"

"दर आठवड्याला, साहेब."

"मग बाई खरंच बोलतायत. मी तुझ्या वयाचा असतो तर असं कुणी उठून सांगायची वेळ येऊ दिली नसती." त्यानं खरवडीचा तुकडा मोडला. "ठरलं. पुढच्या आसनावर तू. आणि मागे, रडारवर, हा तुझा कप्तान. दोघांचाही मान राहील."

मागचं आसन तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या विमानात दोघं बसतात हे लग्नापासून माहीत असूनही. तिनं खाली बसताना खुर्ची चाचपली. समोरून माहलका तिच्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच बरोबरी होती.

घरी आल्यावर सियामक आवाज न चढवता बोलला, आणि तेच वाईट होतं. तो म्हणाला, अख्ख्या तळासमोर तू मला पोर ठरवलंस. मला पुढून उचलून मागे बसवलंस. वाचवलं पण नाहीस, नुसतं मागे बसवलंस. नीकीला ताप चढला होता, तिनं तिचे कपडे सैल केले आणि त्याला पाणी आणायला सांगितलं. तो बाहेर निघून गेला.

मग दोन दिवसांनी तो जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, की चाचणी पुढे गेली. कर्नलनं क्षेपणास्त्र पंखावरून काढायला लावलंय. नाकापासून पंखापर्यंतची एकूण एक तार उपसून नवी घालायचा हुकूम झालाय, रडार पुन्हा जमिनीवर तपासायचंय, जनरलला कळवलंय की घाईचं काम शत्रूच्या पथ्यावर पडतं.

"इंजिनियर किती दिवस हेच मागत होते," ती म्हणाली.

"हो."

"त्याला आता पटलं."

सियामकनं भाकरीचा तुकडा मोडला.

बदलीचा हुकूम त्याच महिन्यात आला. दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा तळ, जिथे लढाऊ विमानं नाहीत, मालवाहू आहेत, आणि उन्हाळ्यात दाराची कडी हाताला भाजते. कर्नलनं निरोप धाडला की तरुण माणसानं सगळे अनुभव घ्यावेत. सामान ट्रकवर चढलं. निघणाऱ्याच्या मागे वाडगाभर पाणी ओतायची तिथली रीत आहे, पाण्यासारखे परत या म्हणून. वसाहतीतल्या बायका दारांत उभ्या होत्या. माहलकाही होती, हाताची घडी घालून. एकीच्याही हातात वाडगा नव्हता. फरामर्झच्या बायकोच्याही.

वसंतात टीव्हीवर ते दिसलं. विमान वर चढलं, पंखाखालून धुराची रेघ सुटली, आणि दूर कुठेतरी हवेत सोडलेलं लक्ष्य फुटलं. वैमानिक कुणी तिसराच होता. जमिनीवर कर्नल जहानबख्श जनरलशेजारी उभा राहून सांगत होता, की स्वदेशी बुद्धीनं हे साधलं, पहिल्याच प्रयत्नात.

सियामक उठून पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. चित्र पुन्हा दाखवलं तेव्हा त्यानं श्वास रोखला होता.

"माझं होतं ते," तो म्हणाला.

"तारा बदलल्या म्हणून सुटलं."

"तुला काय माहीत? आधीही सुटलं असतं."

"असतंही," गुलनूश म्हणाली.

तो वळला. तिनं आता तरी चुकलं म्हणावं, याची तो वाट बघत होता. बोलण्यात तो नेहमी तिला एवढी जागा ठेवत असे. बाहेर खारा वारा पत्र्यावर आपटत होता. नीकी टेबलाच्या पायाला धरून उभी राहिली होती, हात सोडू की नको अशी डुलत. गुलनूश ती जागा तशीच रिकामी सोडून पोरीसमोर खाली बसली आणि तिनं हात पुढे केले.